पोरांची भिंत

आपल्या वस्तीतल्या घरांत मुलांची वेगळी खोली कुठून असणार? दोन खोल्या, त्यांतल्या एकीत चूल-भांडी, दुसरीत खाट, पेटी, शिलाई मशीन आणि रात्री अंथरलेल्या सतरंज्या. तरी एक भिंत मुलांची असू शकते. मोठ्या शहरांत आता मुलांच्या खोलीसाठी चिकटवायचे कागद मिळतात, कार्टूनची चित्रे मिळतात. त्यांचे भाव पाहिले की वाटते, यात महिन्याचा किराणा येईल. पण भिंत रंगवायला एवढे पैसे लागतातच असे नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या मुलामुळे. तो चौथीत आहे. त्याचे मित्र यायचे ते ओट्यावरच बसायचे. हा त्यांना आत येऊच देत नसे. एकदा मुलांच्या आईने कारण विचारले, तर म्हणाला, "भिंतीचे पोपडे पडलेत, ते हसतात." आम्ही वैजापुरात भाड्याच्या घरात राहतो. खालच्या तीन फुटांपर्यंत भिंतीला लोणा लागलेला. मालकाला सांगून तीन पावसाळे गेले. मुलगी नववीत, तिला अभ्यासाला तोच कोपरा. तिने त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे कागद लावले होते, तेही ओलीने फुगून सुटले.

मग ठरवले, मालकाची वाट पाहायची नाही.

माझी आजी धाब्याच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवायची आणि खाली कावेचा पट्टा ओढायची. आज आपण त्याला गावंढळ म्हणतो. मला विचाराल तर ऑईलपेंटपेक्षा तेच शहाणपणाचे होते. ओल्या भिंतीवर ऑईलपेंट लावला की पाणी आत कोंडते आणि वर्षभरात फोड येतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

आणि आपला जिल्हा तर भिंतींसाठी जगात प्रसिद्ध आहे! अजिंठ्याची चित्रे कशावर काढली आहेत? चिखलात भाताचा कोंडा आणि झाडांचे धागे कालवून खडकाला लिंपले, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि सुकल्यावर रंग भरले. तांबडी आणि पिवळी माती, काजळी, चुना, हे रंग इथलेच. निळा दगड तेवढा अफगाणिस्तानाकडून आणलेला. काव आणि पिवडी आजही पुड्यांतून मिळते. म्हणजे रंगाच्या बाबतीत आपण काही फार गरीब नाही. तिथल्या छतांवर कमळे, हंस, फळे आहेत. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या छद्दन्त हत्तीची जातककथा आहे. मुलीने ती शाळेच्या सहलीत पाहिली होती. "पप्पा, मला हत्ती पाहिजे," एवढेच तिचे म्हणणे.

आता कृती सांगतो. आधी सुटलेले पोपडे काढायचे; पण कोरडे खरवडायचे नाहीत. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला अपाय होतो. भिंत ओली करून खरवडावी, खाली जुने कापड अंथरावे, मुलांना तेवढा वेळ बाहेर पाठवावे आणि शेवटी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. (घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर तसे छापलेले पाहूनच घ्यावा.) कळीचा चुना लोखंडी टोपल्यात रात्रभर भिजवावा. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर घात होतो. सकाळी गाळून त्यात फेविकॉल आणि चिमूटभर नीळ घालून दोन हात द्यावेत.

हत्तीसाठी मी जुन्या एक्स-रेची फिल्म वापरली. मुलीने तिच्यावर आकृती काढली, मी ब्लेडने कापली. भिंतीवर धरून स्पंजने कावेचा रंग थोपटला की हत्ती तयार. असे अकरा हत्ती ओळीने चालले आहेत. सातव्याची सोंड जरा पसरली. मधली फुले भेंडीच्या कापलेल्या देठाची, हे काम मुलाचे. खिळा ठोकायला मालकाची बंदी, म्हणून खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत सुतळी बांधून मुलांची चित्रे कपड्याच्या चिमट्यांनी अडकवली. खाली हार्डबोर्डचा जुना तुकडा काळा रंगवून टेकवला. मुले भिंतीवर लिहिणारच. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तर दहाव्या लेण्यात खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली! त्यापेक्षा पोरांना फळा द्यावा.

फोटोवरून मात्र घरात वाद झाला. मुलांच्या आईचे म्हणणे, बाबासाहेबांचा फोटो याच भिंतीवर हवा. मुलगी म्हणाली, "मम्मी, फोटो समोरच्या भिंतीवर आहेच. इथे माझं वेळापत्रक लावू दे. बाबासाहेब तरी परळच्या चाळीत अभ्यासच करत होते ना?" यावर आईला उत्तर सुचले नाही, आणि मी मुद्दामच बोललो नाही.

कारकुनाची सवय म्हणून हिशेब देतो : चुना १८०, काव-पिवडी ९०, फेविकॉल १३०, दोन ब्रश १४०, काळा रंग १००, सुतळी-चिमटे ६०. एकूण ७०० रुपये आणि दोन रविवार. लोणा याने कायमचा जात नाही हे खरे; पुढच्या दिवाळीला खाली पुन्हा हात द्यावा लागेल. पण मुलाचे मित्र आता आत येतात आणि फळ्यावर माझीच व्यंगचित्रे काढतात.

मागच्या महिन्यात मालक भाडे घ्यायला आले. भिंतीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहे. पण घर सोडताना पांढरं करून द्यावं लागेल." मुलांच्या आईने शांतपणे सांगितले, "चुन्याचा एक हात, दादा. अर्ध्या दिवसाचं काम."

मालक गेल्यावर मुलगी काही बोलली नाही. एक्स-रेची फिल्म तिने पुसली, गुंडाळली आणि शाळेच्या दाखल्यांच्या पेटीत ठेवून दिली.