दारापुढचा एक फूट

दौंडात पेव्हर ब्लॉकची चौकशी केली की आधी कानावर पडतो तो चौरस फुटाचा भाव. घरी येऊन माणूस त्याच आकड्याला अंगणाने गुणतो आणि बजेट ठरलं असं समजतो. फाटकापासून पडवीपर्यंत 30 फूट लांब, 10 फूट रुंद वाट धरू, म्हणजे 300 चौरस फूट. ब्लॉक फुटामागे एका रुपयाने महाग घेतला तर बिल तीनशे रुपयांनी वाढतं, त्याहून जास्त नाही. वाट टिकणार की नाही, हे मात्र ब्लॉकखालच्या मालावर ठरतं आणि त्याचा भाव कोणी विचारत नाही.

*

भीमा आणि घोडच्या काठची आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पाणी लागलं की ती फुगते. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरचा, परतीचा. त्या पावसात माती सगळीकडे सारखी उचलत नाही. वाटेच्या कडेला पाणी मुरतं तिथे जास्त, मध्ये कमी. कोब्याला लांबच लांब तडे जातात ते यामुळेच. ब्लॉकची वाट सुट्या तुकड्यांची असल्याने थोडंफार हलणं सोसते, आणि बसली तर तेवढाच भाग काढून परत लावता येतो. खालून नळाची लाइन जात असेल तर हा फायदा फार मोठा.

*

शहाबादी फरशी? ती आपल्या सोलापूर-वाडी लाइनवरच्या शहाबादची, घरात आणि ओट्यावर तिला तोड नाही. पण गाडीच्या चाकाखाली आणि काळ्या मातीवर नको. खाली थोडी पोकळी राहिली की लादी मधोमध मोडते.

*

हिशोब एकदा नीट मांडतो. ब्लॉक 60 मिलिमीटर, म्हणजे जवळपास अडीच इंच. त्याखाली दीड इंच वाळू. त्याखाली दाबून बसवलेला 8 इंचांचा थर. एकूण एक फूट.

म्हणजे 3 ब्रास माती काढायची. उकरलेली माती फुलते, तेव्हा बाहेर पडतील चारेक ब्रास. ही माती टाकायची कुठे, याचा खर्च कुणाच्याच कागदावर नसतो. शेजारच्या शेतकऱ्याला आधी विचारून ठेवा. काळी माती रानात पसरायला लोक नेतात.

8 इंचांचा थर दाबून 2 ब्रास भरतो, पण माल सुटा येतो, म्हणून अडीच ब्रास सांगायचा: निम्मा कठीण मुरूम खाली, निम्मी खडी कचासकट वर. वाळू अर्धा ब्रास. वीट आकाराचे, 20 बाय 10 सेंटिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला 50 बसतात, म्हणजे सुमारे 1,400. कापाकापी आणि फूटतूट धरून 1,470 मागवावेत. वजन चार टन भरतं. फाटकाशी उतरवून घेणार की आत, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावं. दोन्ही लांब बाजूंना आणि फाटकाशी काँक्रीटची कड लागते, तिला दोन-अडीच गोण्या सिमेंट. या प्रत्येक आकड्यापुढे आपल्या भागातला आजचा दर लिहा, वाहतूक आणि जीएसटी धरूनच.

*

ट्रॉली आली की आधी टेप काढायची. आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून शंभराने भागली की ब्रास. शिगेला भरलेली दिसते म्हणून एक ब्रास धरू नका. मुरूम, खडी, वाळू हे गौण खनिज, तेव्हा वाहतुकीचा पास आणि रॉयल्टीची पावती मागून घ्या. मागणाऱ्याला यात संकोच वाटायचं कारण नाही.

*

मुरूम हातात घेऊन पाहावा. ओला करून मुठीत दाबला आणि हाताला चिखल लागला तर तो मातीमिश्रित, परत पाठवा. चांगला मुरूम टोचतो.

*

नदीच्या वाळूचा हट्ट नको. भीमेच्या पात्राने पुष्कळ सोसलं आहे. क्रश सँड या कामाला चालते, 2025 मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. फक्त धुतलेली, पीठ नसलेली घ्यावी. बारीक भुकटी पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक डुलायला लागतात. पाणी धरायचं नाही आणि भार पसरवायचा, रुळाखालची खडी हेच काम करते. 1878 पासून मनमाडची लाइन सांभाळणाऱ्या जंक्शनच्या गावाला हे वेगळं काय सांगायचं.

*

ब्लॉकची परीक्षा घरी होते. तीन कोरडे ब्लॉक आणावेत. एक 60 मिलिमीटरचा वीट आकाराचा ब्लॉक साधारण 2,800 ग्रॅम भरतो. काट्यावर वजन लिहून ठेवायचं, चोवीस तास बादलीत बुडवायचा, वर काढून फडक्याने पुसायचा, पुन्हा काट्यावर. भारतीय मानक 15658 सरासरी 6 टक्क्यांपर्यंत पाणी शोषणं चालवून घेतं, म्हणजे इथे सुमारे 170 ग्रॅम. तीनशे ग्रॅमने वाढला तर तो कितीही चकचकीत असो, घेऊ नये. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले की आवाज खणखणीत यावा. कोपरा फुटलेला असेल तर रंग किती खोल गेलाय तेही दिसतं.

त्याच मानकात हलक्या वाहनांसाठी 60 मिलिमीटर आणि एम-35 ग्रेड दिली आहे. दारात ट्रॅक्टर येत असेल तर 80 मिलिमीटर घ्या. ही वाढ परवडत नसेल तर रंग आणि आकाराची हौस सोडा. साधा करडा ब्लॉक उत्तम.

*

काय स्वतः करायचं? ब्लॉक लावणं, वाळू ओढून सपाट करणं, सांधे भरणं: घरची दोन-तीन माणसं सहज करतात. खोदाईला जेसीबी आणि दाबायला प्लेट कॉम्पॅक्टर मात्र भाड्याने आणा. हाताच्या धुम्मसाने 8 इंचांचा थर नीट बसत नाही. यंत्रानेही चार-चार इंचांचे थर, पाणी शिंपडून. आणि ढाळ घरापासून बाहेर, 10 फुटांना अडीच इंच, पाणसळ लावून. ढाळ खालच्या थरातच द्यायचा. वाळू कमीजास्त करून दिलेला ढाळ वर्षभरात बिघडतो.

सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ते करू नका. कोरडी बारीक वाळू झाडूने भरावी. सिमेंट भरलं की सुट्या तुकड्यांचा कोबा होतो, आणि त्याला तडे जातात.

*

काम कधी काढावं? सुट्टी मे महिन्यात असते, पण तेव्हा माती पूर्ण आकसलेली. तिच्यावर बसवलेली वाट पहिल्या मोठ्या पावसात उचलते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने योग्य, जमिनीत ओल असते पण चिखल नसतो. अडचण एवढीच की तेव्हा गळीत हंगाम सुरू होतो आणि ट्रॅक्टर उसावर जातात. मुरूम-खडीचं बोलणं दसऱ्यालाच करून ठेवावं.

*

पैसे कमी पडले तर थराची जाडी कमी करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्याऐवजी चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या दोनच पट्ट्या करा, पण खाली पूर्ण एक फूट खोल, दोन्ही कडांना काँक्रीट घालून. 300 ऐवजी 120 चौरस फूट होतात, ब्लॉक निम्म्याहून कमी लागतात. मधल्या जागेत तूर्त मुरूम टाका. हात मोकळा झाला की तीही ब्लॉकने भरून घेता येते.