नानकटाईचा डबा

नाताळ म्हटला, की सर्वांना पंचवीस डिसेंबर आठवतो. पण आमच्या घरी त्याआधीचे चार रविवारही तितकेच मोलाचे. त्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. हा काळ उत्सवाचा नव्हे, वाट पाहण्याचा. वेदीवर जांभळे वस्त्र चढते आणि दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लागतात. ही कल्पना १८३९ साली हाम्बुर्गच्या योहान विखर्न या पाळकाची. त्याच्या आश्रमातली मुले रोज विचारीत, "नाताळ कधी?" तेव्हा त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्याच मांडल्या!

जर्मनीत या दिवसांत घरोघर बिस्किटे भाजतात. आमच्या नगरला (२०२४ पासून ते अहिल्यानगर झाले) आजीच्या उमेदीत घरी ओव्हन कुठला! पण नानकटाई होती, आणि गल्लीच्या तोंडाशी बेकरीची भट्टी होती.

नानकटाई हे आजीचे खाते. दुसऱ्या रविवारी उपासनेहून आल्यावर ती परात पुढे ओढून बसे. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची, ती पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत. मग त्यातला एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचा. बुडाला तर आणखी फेसा. तरंगला तर तुपात हवा पुरेशी कोंडली गेली, असे समजा. मग मैदा, थोडे बेसन, रवा, वेलची, जायफळ. कृती कुठेही लिहिलेली नव्हती. माप होते ते एका पितळी वाटीचे. गोळे पत्र्यावर मांडून दुपारी बेकरीत न्यायचे. पाव निघाल्यावर भट्टीचा ताव उतरतो आणि नानकटाईला तोच मंद ताव मानवतो. भाजलेल्या नानकटाईचा डबा कपाटावर चढे. चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. सगळ्या घरात वास, आणि खायची बंदी! आगमनकाळाचा अर्थ मला प्रवचनापेक्षा त्या डब्याने अधिक शिकविला.

गेल्या पावसाळ्यात आजी गेली. दिवाळीत शेजारच्या पाच घरांतून नेहमीप्रमाणे फराळाची ताटे आली. ती ताटे आम्ही लगेच परत करीत नाही. नाताळात भरूनच पाठवायची, ही आजीची शिस्त. डिसेंबर उजाडला तेव्हा बाबा म्हणाले, "यंदा गोडधोड काही नको." दुःखाच्या घरात ते बरोबरच होते. आईने वाद घातला नाही. फडताळातली पाचही ताटे काढून तिने त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारले, "मग ही कशी पाठवायची?"

बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या रविवारी उपासनेहून आल्यावर त्यांनी बाह्या वर सारल्या आणि परात पुढे ओढली. आजवर त्यांचे काम फक्त पत्रे बेकरीत पोचविण्याचे. पहिला थेंब बुडाला. दुसरा बुडाला. आई म्हणाली, "मी घेते थोडा वेळ." त्यांनी मान हलविली आणि फेसतच राहिले. चौथा थेंब तरंगला तेव्हा ते वाटीकडे बराच वेळ पाहत बसले. आजी गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिले नव्हते. त्या दुपारी पाहिले.

नानकटाई आजीसारखी झाली नाही. जरा कडक झाली. तरी चोवीस तारखेला पाचही ताटे भरून गेली. समोरच्या काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारले, "कोणी केली?" मी सांगितले, "बाबांनी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि दुसरी उचलली.

आता नानकटाई बारा महिने खोक्यांतून मिळते आणि ती चांगलीही असते. विकत आणण्यात कमीपणा नाही. पण तुपाला फेस येईपर्यंत जो वेळ जातो, तो मात्र विकत मिळत नाही. माणूस गेल्यावर घराला नेमका तेवढाच वेळ हवा असतो, असे मला आता वाटते. शोक आणि प्रतीक्षा यांत फारसे अंतर नसावे. दोहोंतही हाताला काम लागते, आणि दाराशी कोणाची तरी वाट असावी लागते.