प्रधानजी

पदवी आणि पोशाख यांचा मोह मनुष्यास इतका अनिवार आहे, कीं समुद्रांतील माशासही तो त्यांतून मोकळा सोडीत नाहीं.

गतवर्षीं आमच्या चिरंजीवांनीं खाऱ्या पाण्याची एक काचपेटी घरीं आणली आणि तींत दोन-अडीच इंचांचा एक मासा सोडला. गर्द निळें अंग, त्यावर नारिंगी नागमोडी पट्टे, गाल हिरवट. अंगावर खवले नाहींत. त्यांच्याऐवजीं उग्र वासाचा बुळबुळीत थर. इतर माशांचा निळा रंग बहुधा प्रकाशाच्या खेळानें भासतो. ह्याच्या कातडींत मात्र खरोखरीचें निळें रंगद्रव्य आहे, असें १९९५ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें. फिलिपाइन्सच्या समुद्रांतील ह्या माशाचें शास्त्रीय वर्णन आल्बर्ट हेरे ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२७ मध्यें केलें. व्यवहारांत मात्र त्यास 'मँडरिन' म्हणतात. कारण बादशाही चीनमधील अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्याची त्याला पाहून आठवण होते.

हें नांव ऐकतांच आमच्यांतील अध्यापक जागा झाला. कारण 'मँडरिन' हा शब्द मुळीं चिनी नव्हेच. आपला संस्कृत 'मंत्री' मलायांत जाऊन 'मन्तरी' झाला. पोर्तुगीजांनीं त्यावर आपल्या 'आज्ञा करणें' ह्या अर्थाच्या क्रियापदाची छाया पाडून तो उचलला. आणि पुढें तो इंग्रजींत शिरला. आपल्याच घरचा शब्द इतके समुद्र ओलांडून एका माशाच्या पाठीवर बसून परत आला! आम्हीं त्या माशाचें नांव 'प्रधानजी' ठेविलें, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास काचपेटीपुढें उभें करून ही वंशावळ ऐकविली.

एके दिवशीं असेंच व्याख्यान चाललें असतां धाकटी कन्या म्हणाली, "बाबा, प्रधानजींचं पोट पाहा ना, किती खोल गेलं आहे!"

आम्हीं वांकून पाहिलें. खरेंच होतें. हा मासा प्रवाळांच्या खबदाडींत दिवसभर सूक्ष्म जिवंत प्राणी टिपीत हिंडतो. दुकानांतील कोरड्या खाद्यास तो बहुधा तोंडही लावीत नाहीं. हें आम्हांस तेव्हां कळलें. धांवपळ पुष्कळ केली. पण चार दिवसांनीं प्रधानजी गेले.

त्यानंतर आम्हीं वाचलें, कीं त्याच्या मायदेशीं सूर्य मावळतां मावळतां नर व मादी अंगाला अंग लावून प्रवाळांतून हळूहळू वर येतात, अंडीं पाण्यांत सोडतात आणि क्षणांत पुन्हां अंधारांत शिरतात. तेथें त्यांच्या अंगावरील झगा ओळखणारें कोणी नसतें.

नांव कळलें म्हणजे वस्तु कळली, असें आम्ही जन्मभर समजत आलों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत हजेरी घेतांना आमची मान प्रथमच प्रत्येक नांवागणिक वर झाली. मागच्या बांकावरील एका मुलाचा चेहरा फार ओढलेला दिसला. तास संपल्यावर आम्हीं त्यास थांबवून घेतलें.