अंगतपंगतीचा डबा

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिलीच्या वर्गात अंगतपंगत ठरली. विट्यात तेव्हा घरोघरी फराळ. गलाईसाठी केरळ-तमिळनाडूत पांगलेली कितीतरी कुटुंबेही गावी आलेली. आमच्या लेकीने मात्र विचारले, "अम्मी, माझ्या डब्यातलं कुणी खाईल?" रमजान ईदला नेलेला शिरखुर्मा तसाच परत आला होता. आम्ही विसरलो होतो, ती नव्हती. बाजारातून चकल्या आणून द्याव्यात, असे आम्हा दोघांनाही क्षणभर वाटले. मग रात्री तिच्याच हाताने शंकरपाळ्या कातल्या. वेड्यावाकड्या झाल्या. "आधी दुसऱ्याच्या डब्यातलं घे, मग आपलं पुढे कर," एवढेच शिकवले. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना आमचेच लक्ष घड्याळाकडे. डबा रिकामा आला. तळाशी मैत्रिणीने दिलेला अर्धा रव्याचा लाडू होता, धाकट्या भावासाठी.