ब्रिस्टलच्या सीमेवरची गाणी

कंट्री संगीताच्या ओढीने अमेरिकेत आलेला माणूस बहुधा नॅशव्हिलला थांबतो. मी मात्र आणखी ईशान्येला, ब्रिस्टलपर्यंत गेलो. नॉक्सव्हिल सोडलं की अ‍ॅपलेशियन डोंगर उजव्या हाताला सोबतीला येतात, ते थेट गावापर्यंत. ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी पट्ट्या बसवल्या आहेत. एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया.

याच रस्त्यावर 1927च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीच्या राल्फ पीअरने टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं होतं. डोंगरातल्या मेसेस स्प्रिंगहून ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल खराब रस्त्यांवरून गाडीने इथे आले. मेबेल अवघी 18 वर्षांची आणि गरोदर होती. त्याच आठवड्यात क्षयाने पोखरलेला रेल्वे कामगार जिमी रॉजर्सही गाऊन गेला. 1998मध्ये अमेरिकन काँग्रेसने ब्रिस्टलला कंट्री संगीताचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. गावातलं संग्रहालय उत्तम आहे, पण मला ब्रिस्टल कळलं ते त्या संध्याकाळी, एका छोट्या सभागृहात.

गाणारा गावातलाच, साठी उलटलेला. दिवसा वाद्यं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी जुन्या गायकांची गाणी गातो. मंचावर गिटार, बँजो, फिडल आणि छातीशी धरून वाजवायचा ऑटोहार्प, म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या जातीचं वाद्य. फरक एवढाच की यात बटण दाबलं की नको त्या तारा मुक्या होतात. चारही वाद्यांवर त्याचा हात सारखाच सहज फिरत होता.

जिमी रॉजर्सचं गाणं गाताना त्याने आवाज वर उडवून योडल घेतलं आणि मला चटकन किशोरकुमार आठवले. त्यांच्या योडलिंगचं मूळ रॉजर्सच्या तबकड्यांत असल्याचं सांगतात. मग जॉनी कॅश. गाणाऱ्याने खिशातून एक नोट काढली, घडी घालून गिटारच्या तारांमध्ये खोचली आणि तारा छेडल्या. ड्रमवर काड्या घासाव्यात तसा कोरडा ठेका उमटला. कॅशच्या सुरुवातीच्या चमूत ड्रमवादक नव्हता. ती उणीव त्याने अशी भरून काढली होती. कॅशचा जाड आवाज काढायचा प्रयत्न या माणसाने केलाच नाही. तो स्वतःच्याच आवाजात गात होता. थोरांची गाणी गाणाऱ्याने त्यांचा गळा उसना घेऊ नये, त्यांची रीत घ्यावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं.

मेबेलची रीत त्याने सावकाश उलगडून दाखवली. अंगठ्याने खालच्या, जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा. एकच गिटार, पण दोन जण वाजवतायत असं वाटतं. मग तो म्हणाला, ''आता लेस्ली रिडल.''

रिडल कृष्णवर्णीय गिटारवादक. एक पाय आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावलेला. ए. पी. गाणी गोळा करत डोंगरांतून फिरायचा तेव्हा रिडल बरोबर असे. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल लक्षात ठेवायचा. वंशभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेत हे दोघे दारोदार फिरत होते. मेबेलनेही रिडलकडून बोटांची काही वळणं उचलली. हँक विल्यम्सचं गाणं गाण्याआधीही या वादकाने रुफस पेनचं नाव घेतलं. टी-टॉट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकाकडे अलाबामात लहानगा हँक शिकला. हँक 1953च्या पहिल्या दिवशी, 29व्या वर्षी, गाडीच्या मागच्या सीटवर गेला. त्याच्या स्मृतीचे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात. पेनचं नाव त्यांत किती जण घेतात?

कार्यक्रम संपल्यावर मी त्या गाणाऱ्या गृहस्थांना भेटलो. म्हटलं, तुम्ही गुरूंची नावं आधी घेता, हे आमच्याकडच्या बैठकीसारखं वाटलं. ते म्हणाले, ''नावं घेतली नाहीत तर मी फक्त गाणी वाजवणारा उरतो.''

त्यांच्याच सांगण्यावरून शनिवारी मी हिल्टन्सला कार्टर फोल्डमध्ये गेलो. ए. पी.ची मुलगी जेनेट हिने 1970च्या दशकात सुरू केलेल्या या जागेत विजेवरची वाद्यं चालत नाहीत. मंचासमोरच्या मोकळ्या जागेत आजीआजोबा आणि नातवंडं टाचा आपटत नाचतात. मेबेलची मुलगी जून हिचा नवरा म्हणजे जॉनी कॅश. जून गेल्यानंतर, 5 जुलै 2003 रोजी तो इथे शेवटचा गायला. सप्टेंबरात तोही गेला.

नॅशव्हिलला जाणाऱ्यांनी एक शनिवार हिल्टन्ससाठी राखावाच. आणि जाणं जमणार नसेल, तर लोकसंगीत गोळा करणाऱ्या माइक सीगरने 1965नंतर रिडलला शोधून काढून केलेली त्याची ध्वनिमुद्रणं मिळवा. कार्टर कुटुंबाच्या तबकड्या त्यानंतर ऐका.