मागच्या चाकाचा ब्रेक

पोशेरा आणि मोखाडा तालुक्यातील इतर गावांतून भात, नागली आणि खुरासणी बाजाराला नेणाऱ्या, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघालेल्या मजूर कुटुंबांचा संसार वाहणाऱ्या पिकअप गाड्यांच्या मागच्या चाकांना अद्यापि ड्रम ब्रेकच का, डिस्क का नाही, असा प्रश्न ब्रेकची दुरुस्ती हाच व्यवसाय असलेल्या मला येथील तरुण चालक वारंवार विचारतात. आणि ज्या प्रश्नावर प्राण अवलंबून आहेत, त्याचे उत्तर तपशिलाने देणे मी माझे कर्तव्य समजतो.

लुई रेनॉने 1902 मध्ये प्रचारात आणलेल्या ड्रम ब्रेकचा मोठा गुण असा की, पेडल दाबताच व्हील सिलिंडरने बाहेर रेटलेल्या दोन शूंपैकी एकाला फिरता ड्रम स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे अल्प दाबात भरपूर पकड मिळते, आणि हँडब्रेकही त्याच शूंवर चालतो. त्याचा दोष उष्णतेचा आहे. तोरंगण घाटासारख्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरतो, लायनरचे घर्षणही घटते आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्क उघड्या हवेत लवकर निवते आणि पाणी झटकते. परंतु तिला दाब अधिक लागतो, हँडब्रेकची तजवीज निराळी करावी लागते, आणि कच्च्या रस्त्याचा चिखल व खडी थेट पॅडपर्यंत पोहोचते.

ब्रेक लागताच भार पुढे झुकत असल्यामुळे बोलेरो पिकअप काय किंवा टाटा योद्धा काय, पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच योजना आहे. रिकाम्या गाडीची मागची चाके हलकी असतात. तेथे पकड जास्त झाली तर ती जाम होऊन गाडी आडवी फिरते. यासाठी मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेली एक झडप अशा गाड्यांत बसवलेली असते: मालाने पाटे दबले की दांडा हलतो आणि ती मागच्या ब्रेककडे अधिक दाब सोडते. आता जास्त भरती करता यावी म्हणून मालक पाटे वाढवून घेतो. हौद्यात दीड टन माल चढला तरी ते कडक पाटे पुरेसे दबत नाहीत, झडप गाडी रिकामीच समजते, मागचा ब्रेक दुबळा पडतो, आणि दोष मात्र ड्रमच्या माथी मारला जातो.

ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, तोच पाणी शोषलेल्या तेलाचा 140 पर्यंत उतरू शकतो. असे तेल घाटात उकळले म्हणजे पेडल पोकळ लागते, आणि तेल तेच असल्यामुळे डिस्क बसवून हे संकट टळत नाही.

माझा निर्णय असा की, माल वाहणाऱ्या पिकअपला मागे ड्रमच योग्य आहे. अट एवढीच की त्याची निगा राखली जावी. म्हणून चालकबंधूंना माझी विनंती आहे: पाटे वाढवू नका, पूर्वी वाढवले असतील तर झडपेची जुळणी जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, पावसाळा सरताच ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडरची गळती पाहा, तेल दोन वर्षांच्या आत बदला, आणि घाट ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.