रुंदावणारा भांग

पाळी थांबते, इस्ट्रोजेन ओसरते आणि भांग रुंदावत जातो. यवतमाळातील आम्हा प्राध्यापिकांच्या फणीत रोज गुंतवळ साचते. हरिभाऊ आपट्यांच्या यमूचे सक्तीचे केशवपन आम्ही वर्गात तळमळून शिकवतो. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार १८९० साली मुंबईतील नाभिकांनी केला, तेही सांगतो. वस्तऱ्याविना, थोडे थोडे जाणाऱ्या केसांविषयी मात्र आमचे बोलणे कुजबुजीपुरतेच. थायरॉइड आणि लोह तपासून घ्यावे, हा डॉक्टरांचा सल्ला रास्तच. जास्वंदीच्या तेलावर आमचा विश्वास थोडा, लोभ अधिक. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातील एकीने केस कानापर्यंत कापून टाकले. तिच्या सासूबाईंनी एवढेच विचारले, "नवरा हयात असताना?"